सांधा नवा, चाल जुनी

गुडघा बदलल्यावर सहा आठवड्यांनी रुग्ण दाखवायला येतो, तेव्हा तपासणी कशी होणार हे ठरलेलं असतं. एक्स-रे काढतात, टाके भरले का ते पाहतात, "वाकवून दाखवा" म्हणतात, अंश मोजतात आणि दुखणं किती उरलंय ते विचारतात. हे सगळं रुग्ण आडवा पडलेला, बसलेला किंवा फार तर एका जागी उभा असताना होतं. ज्या चालण्यासाठी एवढा खटाटोप केला, ते दारापासून टेबलापर्यंतच्या पाचसहा पावलांत उरकतं. तेवढ्या वेळात डॉक्टर बहुधा आधीच्या रुग्णाची औषधं लिहीत असतात.

चालणं नीट मोजता येतं. मोशन कॅप्चर हे तंत्र आपल्याला माहीत असतं ते सिनेमामुळे: अंगाला ठिपके लावलेला नट स्टुडिओत उड्या मारतो आणि पडद्यावर राक्षस उड्या मारताना दिसतो. पण सिनेमावाल्यांनी ही विद्या उसनी घेतली आहे. तिचा उगम शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळांत झाला, आणि पाय गमावलेले सैनिक, पोलिओ झालेले रुग्ण, सेरेब्रल पाल्सी झालेली मुलं यांच्या उपचारांत ती वाढली. गेल्या चाळीसएक वर्षांत या तंत्राने हाडांच्या शस्त्रक्रियांबद्दल पुष्कळ काही सांगितलं. त्यातलं रुग्णाच्या किती कामी आलं, हा खरा प्रश्न. माझं मत आधीच सांगून टाकतो. मोजमापामुळे पुढचा निर्णय बदलला, तिथे रुग्णाचं भलं झालं. बाकी ठिकाणी बरंचसं भलं शोधनिबंधांचं झालं.

माणूस कसा चालतो हे नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही. एका पायाचं चक्र साधारण सेकंदभरात पुरं होतं आणि तेवढ्यात खुबा, गुडघा, घोटा तिन्ही हलून घेतात. पॅरिसच्या एतिएन-ज्यूल मारे याने १८८०च्या दशकात त्यावर एक युक्ती काढली. माणसाला काळा पोशाख घालायचा, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या शिवायच्या, त्याला काळ्या पडद्यासमोरून चालवायचं आणि एकाच काचेवर लागोपाठ छायाचित्रं घ्यायची. माणूस नाहीसा होतो, उरतात फक्त रेघा. आजच्या तंत्राचं मूळ तत्त्व तेवढंच आहे.

पुढची पायरी जर्मनीत लाइपझिगला पडली आणि ती जरा अघोरी होती. शरीररचनेचा प्राध्यापक विल्हेल्म ब्राउने आणि गणिती ओटो फिशर यांनी १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला एका सैनिकाच्या अंगावर वायू भरलेल्या काचेच्या नळ्या बांधल्या. विजेचा प्रवाह सोडला की त्या ठरावीक अंतराने लखलखायच्या. उजेड चालत नसे म्हणून प्रयोग रात्री. विजेचा झटका बसू नये म्हणून मध्ये रबर. नुसता तो साज चढवायलाच कित्येक तास लागत, चालणं मिनिटांत संपे, आणि नंतर कागदावर प्रत्येक बिंदूचं त्रिमितीतलं स्थान काढायला महिनेच्या महिने जात. ब्राउने १८९२ साली वारला. फिशरने काम एकट्याने चालू ठेवलं, आणि त्यांच्या ग्रंथाचे भाग १८९५पासून १९०४पर्यंत निघत राहिले. हाताने आकडेमोड करून इतकी अचूकता त्यांनी कशी गाठली, याचं आजही नवल वाटतं.

शस्त्रक्रियेशी या मोजमापाची खरी गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेत हजारो तरुण पाय गमावून परतले होते आणि त्यांना मिळणारे कृत्रिम पाय निकृष्ट होते. कॅलिफोर्निया विद्यापीठात व्हर्न इनमन हा अस्थिशल्यविशारद आणि हॉवर्ड एबरहार्ट हा स्थापत्य अभियंता, अशी जोडी या कामाला लागली. एबरहार्टचा स्वतःचा पाय १९४४ साली विमानतळाच्या धावपट्टीच्या चाचणीत अपघात होऊन गेला होता. चालताना हाडं स्वतःभोवती किती फिरतात हे त्वचेवरून कळत नाही, म्हणून त्यांच्या गटाने स्वयंसेवकांच्या कंबरेच्या, मांडीच्या आणि नडगीच्या हाडांत भूल देऊन धातूच्या पिना रोवल्या आणि त्यांना चालवलं. आजच्या नैतिक समितीने अशा प्रयोगाचा अर्ज पहिल्या पानावरच परत केला असता. इनमनच्या हाताखाली शिकलेली जॅकलिन पेरी आधी फिजिओथेरपिस्ट होती, मग सर्जन झाली. लॉस एंजेलिसजवळच्या रांचो लॉस अमिगोस रुग्णालयात तिने चालीच्या टप्प्यांची जी मांडणी केली, तीच आज आपल्याकडचे फिजिओथेरपीचे विद्यार्थी पाठ करतात. कॅमेऱ्यातून थेट संगणकात आकडे जाण्याची सोय १९७०-८०च्या दशकांत झाली. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या कामातून ऑक्सफर्डची व्हायकॉन यंत्रणा उभी राहिली. ब्राउने-फिशरचं महिन्यांचं काम मिनिटांवर आलं.

आजची पूर्ण सज्ज गेट लॅब, म्हणजे चाल मोजायची प्रयोगशाळा, ही एक लांबट खोली असते. भिंतींवर आठ-दहा इन्फ्रारेड कॅमेरे, जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेट, आणि चड्डीवर असलेला रुग्ण. कंबर, मांडी, गुडघा, घोटा, पाऊल अशा ठरलेल्या हाडांच्या उंचवट्यांवर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे चमकते गोळे, म्हणजे मार्कर, चिकटवतात. कॅमेरे सेकंदाला शंभर किंवा जास्त वेळा त्यांची जागा टिपतात. पाय जमिनीला किती जोराने आणि कुठल्या दिशेने रेटतो ते प्लेट सांगते. दोन्ही जोडले की सांधा किती अंश वाकला हे तर कळतंच, शिवाय त्या क्षणी सांध्याला वाकवणारा किंवा मुरडणारा जोर, म्हणजे मोमेंट, किती होता हेही काढता येतं. सर्जनला अंशांपेक्षा या जोरातच जास्त रस असतो, कारण हाडांची झीज आणि सांध्याचं आयुष्य त्याच्याशी बांधलेलं असतं.

इथेच या शास्त्राचं सगळ्यात मोठं दुखणंही आहे. गोळा त्वचेवर असतो, हाडावर नसतो. मांडीची त्वचा आणि तिच्याखालचं मांस चालताना हाडावरून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सहज सरकतं, आणि गुडघा बदलायला येणारे बरेच रुग्ण स्थूल असतात. चालताना गुडघा सुमारे ६० अंशांपर्यंत वाकतो, तेव्हा त्यात चार अंशांची चूक खपून जाते. पण गुडघ्याचं आत-बाहेर झुकणं किंवा स्वतःभोवती फिरणं मुळातच चारदोन अंशांचं. तिथे चूक आणि मोजायची गोष्ट सारख्याच आकाराच्या होतात. जेनिफर मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी २००९ साली या विषयावरचे अभ्यास एकत्र पाहिले. बहुतेक कोनांत २ ते ५ अंशांची अनिश्चितता गृहीत धरायला हवी आणि खुब्याच्या व गुडघ्याच्या फिरण्याचे आकडे सर्वांत कमी भरवशाचे, असा त्यांचा सूर होता. अमुक पद्धतीने सांधा बसवल्यास फिरण्यात तीन अंशांची सुधारणा झाली, असं एखाद्या निबंधात वाचलं की हे आठवावं. दुसरी गोष्ट साधी आहे. कोणी बघतंय म्हटल्यावर माणूस चांगला चालतो. प्रयोगशाळेतली चाल ही परीक्षेतल्या अक्षरासारखी असते.

त्वचेचा घोटाळा टाळायचा तर थेट हाड पाहावं लागतं. स्कॉट टॅशमन आणि सहकाऱ्यांनी डेट्रॉइटमध्ये हे केलं. गुडघ्यातली पुढची क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे एसीएल, नव्याने बसवलेल्या रुग्णांच्या हाडांत टँटलम धातूचे बारीक मणी ठेवले आणि उतारावर धावताना दोन बाजूंनी अतिवेगाने एक्स-रे घेतले. २००४ साली त्यांनी दाखवलं की शस्त्रक्रियेने गुडघ्याचं पुढे सरकणं थांबलं होतं, पण फिरणं पूर्ववत झालेलं नव्हतं. रुग्ण मोजकेच होते. तरी टेबलावर ओढून पाहिल्यावर घट्ट वाटणारा गुडघा धावताना वेगळा वागतो, ही गोष्ट त्यानंतर कोणाला नाकारता आली नाही.

आता जिथे या मोजमापाने शस्त्रक्रिया खरोखर बदलली ते एक क्षेत्र पाहू: सेरेब्रल पाल्सी झालेली मुलं. पूर्वीची रीत अशी होती की मूल टाच उचलून चालतंय, तर टाचेची शीर लांब करा. पुढल्या वर्षी गुडघा वाकलेला दिसला, तर मांडीमागचे स्नायू सोडवा. त्याच्या पुढल्या वर्षी खुबा. मर्सर रँग या सर्जनने याला 'बर्थडे सिंड्रोम' म्हटलं, कारण पोराचा प्रत्येक वाढदिवस प्लास्टरमध्ये जायचा. मिनेसोटातल्या गिलेट रुग्णालयाचे जेम्स गेज आणि त्यांच्या पिढीच्या इतरांनी चालीचं मोजमाप करून दाखवलं की टाच उचलणं कित्येकदा घोट्यामुळे नसतंच. वर गुडघा-खुबा वाकलेले असतात, म्हणून टाच जमिनीला लागत नाही. अशा मुलाची टाचेची शीर लांब केली तर पोटरीचा आधार जातो आणि ते आणखी वाकून, दबकून चालू लागतं. काही मुलांचं चालणं यातून कायमचं बिघडलं. मोजमापानंतर रीत उलटली: आधी सगळ्या सांध्यांचा हिशेब एकत्र मांडायचा आणि जे करायचं ते शक्यतो एकाच शस्त्रक्रियेत, अनेक ठिकाणी करायचं.

मग पुरावा पक्का झाला का? लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयात तिश्या रेन यांनी यावर यादृच्छिक चाचणी घेतली, अशा प्रकारच्या फार थोड्या चाचण्यांपैकी ही एक. १५६ मुलं. सगळ्यांची चाल मोजली, पण निम्म्यांचाच अहवाल सर्जनच्या हाती दिला. २०१३ साली निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही. टीकाकारांना एवढं पुरे होतं. पण आतला तपशील वाचला तर वेगळीच गंमत दिसते. अहवाल हाती असूनही सर्जनांनी त्यातल्या निम्म्याहून कमी शिफारशी पाळल्या होत्या. मांडीचं हाड फिरवून सरळ करण्यासारख्या बाबतीत जिथे शिफारस पाळली, तिथे निकाल चांगला होता. म्हणजे चाचणी यंत्राची झाली, आणि निकाल लागला सर्जनांच्या सवयीचा. दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवं की तेच रुग्ण वेगवेगळ्या केंद्रांत पाठवून पाहिले, तेव्हा शिफारशी एकमेकांशी पुरेशा जुळल्या नाहीत. आकडे वस्तुनिष्ठ असले तरी वाचणारा माणूसच असतो. लहान मुलांच्या शस्त्रक्रियेत चाल मोजल्याशिवाय सुरी लावू नये हे मला पटतं. पण तो अहवाल म्हणजे वेदवाक्य आहे, असं मात्र कोणी समजू नये.

गुडघेबदलाची गोष्ट याहून मोठी आहे, कारण रुग्ण लाखोंनी आहेत. ही शस्त्रक्रिया दुखणं थांबवण्यात वाकबगार आहे, यात वाद नाही. तरी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या सुमारे १,७०० रुग्णांच्या २०१०च्या पाहणीत साधारण पाचातला एक रुग्ण समाधानी नव्हता. एक्स-रे चांगला, सांधा घट्ट, जंतुसंसर्ग नाही, मग बिनसतंय कुठे? मोजमापाने दिलेलं उत्तर असं की दुखणं जातं, पण चाल परत येत नाही. निरोगी माणूस पाय टेकवताना गुडघा थोडासा, पंधरावीस अंश, वाकवून धक्का पचवतो. गुडघा बदललेले अनेक जण तो जवळजवळ ताठच ठेवतात, वर्षभरानंतरही. दुखऱ्या वर्षांत मांडीचा पुढचा मोठा स्नायू वापरायचा नाही ही सवय शरीराने लावून घेतलेली असते. सांधा बदलतो, सवय बदलत नाही. काही अभ्यासांत असंही दिसलं की अशा रुग्णाच्या दुसऱ्या, न बदललेल्या गुडघ्यावर भार जास्त जातो. मग काही वर्षांनी तोही टेबलावर येतो.

या बाबतीत अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये काम सुरू केलेल्या रायन मिझनर यांचे दोन अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात, आणि त्यांत एकही महागडा कॅमेरा नाही. पहिल्यात त्यांनी शस्त्रक्रियेआधी आणि साधारण महिन्यानंतर मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद मोजली. ती ६२ टक्क्यांनी घटली होती. यात स्नायू रोडावण्याचा वाटा कमी आणि मेंदूने तो पुरता चालूच न करण्याचा वाटा जास्त होता. दुसऱ्या अभ्यासात, २०११ साली, त्याच टप्प्यावर रुग्णांनी भरलेली प्रश्नावली आणि त्यांची प्रत्यक्ष कामगिरी शेजारी शेजारी ठेवली. प्रश्नावलीत रुग्ण म्हणत होते की आम्ही आधीपेक्षा सुधारलो. घड्याळ सांगत होतं की खुर्चीतून उठायला, जिना चढायला त्यांना आधीपेक्षा जास्त वेळ लागतो आहे. कोणीच खोटं बोलत नव्हतं. दुखणं कमी झालं की माणसाला आपण जास्त करू शकतो असंच वाटतं. पण शस्त्रक्रिया यशस्वी झाली की नाही हे फक्त प्रश्नावल्यांवर ठरवणारी सगळी नोंदपुस्तकं या फटीवर उभी आहेत, आणि फिजिओथेरपी नेमकी याच महिन्यात, "आता बरं वाटतंय" म्हणून बंद पडते.

सांध्याच्या घडणीबद्दल मोशन कॅप्चरने काय सांगितलं? थॉमस आंद्रियाकी यांनी १९८२ सालीच पाच प्रकारचे कृत्रिम गुडघे बसवलेले रुग्ण तपासले. सपाट जमिनीवर सगळे सारखेच, सगळ्यांची चाल थोडी बिघडलेली. जिना चढायला लावल्यावर मात्र सांध्यासांध्यातला फरक उघड झाला. ही साधी शिकवण पुढच्या कित्येक संशोधकांनी विसरून सपाट जमिनीवरच्या दहा मीटरच्या चालीवर ढीगभर निबंध लिहिले. १९९०च्या दशकात सतत चालणाऱ्या एक्स-रेवर सांध्याची त्रिमितीय आकृती जुळवायची पद्धत आली. तेव्हा दिसलं की निरोगी गुडघा वाकताना मांडीचं हाड मागे सरकतं, पण काही प्रकारच्या कृत्रिम गुडघ्यांत ते उलट पुढे घसरतं. कंपन्यांच्या जाहिरातीतला 'नैसर्गिक हालचाल' हा शब्द तेव्हापासून मी सावधपणे वाचतो.

जोर किती पडतो याचं उत्तर तर कृत्रिम सांध्यांनी स्वतःच दिलं. बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमन यांच्या गटाने आत मोजणारी उपकरणं असलेले खुबे आणि गुडघे मूठभर रुग्णांत बसवले. सपाट चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो. ठेचकाळलं तर तो सात-आठपटींच्या घरात जातो. गुडघ्यावर चालताना सुमारे २.६ पट आणि जिना उतरताना सुमारे ३.५ पट. जिना उतरणं चढण्यापेक्षा जड असतं, हे गुडघेदुखी असलेली कुठलीही आजी सांगेल, पण आता त्याला आकडा आहे. ही माहिती खुली ठेवली गेली, आणि तशीच उपकरणं बसवलेल्या इतर रुग्णांच्या नोंदी घेऊन जगभरच्या संगणक-प्रतिमानकारांची स्पर्धाही लावण्यात आली. बाहेरून मोजलेल्या चालीवरून आतला भार ओळखा, उत्तर आमच्याकडे आहे. बरेच जण चुकले, काही बऱ्यापैकी जवळ आले. स्वतःच्या पद्धतीची अशी उघड परीक्षा घेणारी शाखा मला आदरणीय वाटते.

नडगीचं हाड कापून पायाचा कल बदलण्याच्या शस्त्रक्रियेत एक सुरेख धागा हाती लागला होता. शिकागोत १९८५ साली प्रोड्रोमोस, आंद्रियाकी आणि गॅलांटे यांनी २१ रुग्णांत पाहिलं की ज्यांच्या गुडघ्याची आतली बाजू दाबणारा मोमेंट शस्त्रक्रियेआधी कमी होता, त्यांचा निकाल पुढे चांगला राहिला. म्हणजे कोणावर शस्त्रक्रिया करावी हेच चालीवरून ठरवता येईल. मग १९९८ साली जपानमधल्या वाडा आणि सहकाऱ्यांना, कल पुरेसा दुरुस्त केलेल्या रुग्णांत, तसा संबंध सापडला नाही. धागा तुटला असं म्हणता येत नाही, पण दवाखान्याच्या दारापर्यंत तो पोचलाही नाही.

खुबाबदलाबद्दल थोडक्यात सांगून पुढे जातो, कारण तिथे वाद कमी आहेत. रुग्ण फार लवकर खूश होतात. वर्षभरानंतर मोजलं तर चालण्याचा वेग आणि खुबा मागे नेण्याची क्षमता निरोगी माणसांपेक्षा सहसा कमीच भरते. पुढून छेद की मागून छेद, या सर्जनांच्या आवडत्या भांडणात चालीची मोजमापं पहिल्या काही आठवड्यांपलीकडे कोणाच्याच बाजूने ठाम साक्ष देत नाहीत.

खेळाडूंचं मात्र वेगळं आहे. त्यांच्यासाठी प्रश्न एकच: मैदानावर कधी उतरू? एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर नेहमीची कसोटी म्हणजे एका पायावर लांब उडी. शस्त्रक्रिया झालेल्या पायाने दुसऱ्याच्या ९० टक्के अंतर गाठलं की हिरवा कंदील. कतारच्या ॲस्पेटार रुग्णालयातल्या कोत्सिफाकी आणि सहकाऱ्यांनी अशा खेळाडूंवर मार्कर लावले. अंतरात दोन्ही पाय ९७ टक्के सारखे. पण उडी घेताना गुडघ्याने केलेलं काम दुसऱ्या बाजूच्या ७० टक्क्यांच्या आसपासच. उरलेलं इतर सांधे भरून काढत होते. टेप लावून मोजणाऱ्याला हे कधीच दिसणार नव्हतं. मार्क पॅटर्नो यांच्या गटाने २०१० साली खेळात परतलेल्या ५६ खेळाडूंची उडी मारून टेकण्याची रीत मोजून वर्षभर वाट पाहिली. १३ जणांना लिगामेंटची दुसरी दुखापत झाली, आणि टेकण्याच्या रीतीतल्या काही खुणांवरून त्यांना इतरांपासून वेगळं ओळखता येत होतं. पण इथेही घाई नको. पहिल्या दुखापतीचं भाकीत करण्याबाबत टिमथी ह्यूएट यांनी २००५ साली २०५ मुलींच्या अभ्यासातून असाच आत्मविश्वास दाखवला होता. त्यांतल्या नऊ जणींची लिगामेंट तुटली होती. पुढे नॉर्वेत सातशेहून अधिक खेळाडू महिलांवर तेच तपासलं, तेव्हा ते भाकीत टिकलं नाही. नऊ आणि तेरा हे फार लहान आकडे आहेत.

एवढं सगळं असून गेट लॅब नेहमीच्या शस्त्रक्रियांत का शिरली नाही? खोली, कॅमेरे, प्रशिक्षित माणसं यांचा खर्च हे एक कारण, एका रुग्णामागे जाणारे तास हे दुसरं. पहिलं कारण आता झपाट्याने विरतं आहे. स्टॅनफर्डच्या स्कॉट डेल्प यांच्या प्रयोगशाळेतून आलेलं ओपनकॅप हे सॉफ्टवेअर दोन फोन तिवईवर ठेवून, एकही मार्कर न लावता हालचालींचं त्रिमितीय चित्र काढतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत कोनांतली सरासरी चूक साधारण साडेचार अंश होती, आणि खर्च पूर्ण प्रयोगशाळेच्या एक टक्क्याहून कमी. म्हणजे ताठ गुडघ्याने चालणं पकडायला पुरेसं, सूक्ष्म फिरणं पकडायला नाही. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली परवानगी दिलेला एक कृत्रिम गुडघा आहे, ज्याच्या नडगीतल्या दांड्यातच संवेदक बसवलेला आहे. तो रोजची पावलं, वेग आणि वाकणं नोंदवून पाठवत राहतो. परीक्षेतल्या अक्षराची अडचण तिथे उरत नाही. पण संवेदक पाठवतो ती माहिती वाचून कोणी फोन करणार आहे का, आणि फोनवर काय सांगणार, हे ठरल्याशिवाय तो गुडघा म्हणजे पावलं मोजायचं एक महागडं यंत्र आहे.

आपल्याकडे फोनच्या कॅमेऱ्याला एक खास अडचण येणार आहे. गुडघा बदलायला येणाऱ्यांत वयस्क बायका मोठ्या संख्येने असतात, आणि साडीच्या निऱ्यांमागे गुडघा नेमका कुठे आहे हे कॅमेऱ्याला दिसत नाही. सत्तरीच्या बाईला चड्डी घालून चालायला सांगणं जमेल अशी जागा आणि असा वेळ आपल्या ओपीडीत सहसा नसतो. अंगाला बांधायचे लहान संवेदक इथे कॅमेऱ्यापेक्षा कामाचे ठरतील असा माझा अंदाज आहे.

त्याहून मोठी अडचण काय मोजायचं ही आहे. परदेशातल्या बहुतेक अभ्यासांत चालणं, जिना आणि खुर्ची एवढंच असतं. आपल्या माणसाला मांडी घालून पूजेला बसायचं असतं, उकिडवं बसून भाजी निवडायची असते, आणि गावाकडे अजून भारतीय पद्धतीचा संडास असतो. कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या उर्स विस यांच्या गटाने २००६ साली ३० निरोगी भारतीयांवर नेमकं हे मोजलं. टाचा उचलून उकिडवं बसताना गुडघा सरासरी १५७ अंशांपर्यंत वाकत होता. गुडघा बदललेल्या बहुतेकांना ११०-१२० अंश मिळाले तरी सर्जन समाधानी असतो. मधले चाळीसएक अंश म्हणजेच आपल्या रुग्णांची नाराजी, आणि "आता खाली बसायचं नाही" हे वाक्य शस्त्रक्रियेनंतर न सांगता आधीच सांगायला हवं, हे त्या एका आकड्यावरून कळतं.

भारतात २०१७ साली सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सांधा बऱ्याच जणांच्या आवाक्यात आला. त्यानंतरच्या पुनर्वसनाचा मात्र कोणी हिशेब ठेवत नाही. यासाठी दहा कॅमेऱ्यांची प्रयोगशाळा लागत नाही. शस्त्रक्रियेआधी, सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी तीन गोष्टी टिपाव्यात: खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठायला लागलेले सेकंद, दहा पायऱ्या चढून उतरायला लागलेले सेकंद, आणि फोनने बाजूने घेतलेला, पाय दिसेल असा वीस पावलांचा व्हिडिओ. सहा आठवड्यांचे सेकंद शस्त्रक्रियेआधीपेक्षा जास्त निघाले आणि व्हिडिओत गुडघा ताठ दिसला, तर रुग्ण कितीही खूश असला तरी फिजिओथेरपी बंद करायची नाही. हा निर्णय घ्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही, आणि तो नोंदवत गेलं तर पाच वर्षांनी मांडी घालणाऱ्या, जिने चढणाऱ्या, साडी नेसणाऱ्या रुग्णांची आपली स्वतःची माहिती हाताशी असेल. जिथे ती तीन मोजमापं बिघडलेली दिसतील आणि कारण कळणार नाही, त्या थोड्या रुग्णांना मग खुशाल गेट लॅबमध्ये पाठवावं.